जमिनीचा ताळेबंद आणि उपग्रहाची नजर

महाराष्ट्राचे भौगोलिक क्षेत्र ३ लक्ष ७ हजार ७१३ चौरस किलोमीटर आहे. लोकसंख्या वाढते, शहरे विस्तारतात, धरणे व रस्ते होतात, उद्योग उभे राहतात. परंतु या आकड्यात वाढ होण्याचा संभव नाही. एखाद्या नव्या कामासाठी जमीन घ्यावयाची म्हणजे ती दुसऱ्या कोणत्या तरी कामातून काढावयाची, असा हा साधा हिशेब आहे. म्हणूनच कोणती जमीन आज कोणत्या वापरात आहे, ती नेमकी कोठे आहे आणि गेल्या काही वर्षांत तिच्यात कोणता पालट झाला आहे, याची विश्वसनीय माहिती असल्याखेरीज विकासाचे नियोजन होऊ शकत नाही. ही माहिती मिळविण्याच्या कामी गेल्या अर्धशतकात कृत्रिम उपग्रहांचे मोठे साहाय्य होत आले आहे. वस्तूला स्पर्श न करता दुरूनच तिची माहिती मिळविण्याच्या या शास्त्राला ‘सुदूर संवेदन’ असे म्हणतात. या पद्धतीने नकाशे कसे तयार होतात आणि नकाशावरील एका रंगाचा गावाच्या जीवनाशी कसा संबंध येतो, हे जाणून घेणे उद्बोधक ठरेल.

गावच्या दप्तरातील नोंद

जमिनीच्या वापराची नोंद ठेवण्याची पद्धत आपल्याकडे नवी नाही. सात-बाराच्या उताऱ्यातील ‘बारा’ हा भाग म्हणजे गाव नमुना क्रमांक बारा. त्यात प्रत्येक शेतातील पिकाची व पड जमिनीची नोंद होते. या नोंदी गावावरून तालुक्याला, तालुक्यावरून जिल्ह्याला आणि पुढे राज्याला पोहोचतात. स्वातंत्र्योत्तर काळात देशभर एकसूत्रीपणा यावा म्हणून जमिनीची नऊ गटांत विभागणी करण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. वने, बिगरशेती वापराची जमीन, नापीक व लागवडीस अयोग्य जमीन, कायम कुरणे व गायराने, किरकोळ झाडझाडोऱ्याखालील जमीन, लागवडयोग्य पडीक, चालू पड, इतर पड आणि निव्वळ पेरणी क्षेत्र असे हे नऊ गट होत.

या पद्धतीचे महत्त्व आजही कमी झालेले नाही. कोणत्या शेतात कोणते पीक आहे आणि ते शेत कोणाच्या नावावर आहे, हे गावचे दप्तरच सांगू शकते. तथापि तिला दोन मर्यादा आहेत. गावात लागवडयोग्य पडीक जमीन किती हेक्टर आहे हे आकडा सांगतो. परंतु ती नाल्याच्या काठी सलग आहे की दहा ठिकाणी विखुरलेली आहे, तिचा उतार किती आणि तिच्या वरच्या बाजूस काय आहे, हे त्यावरून समजत नाही. पाणलोट क्षेत्राचा आराखडा करणाऱ्यास मात्र नेमके तेच हवे असते. दुसरी मर्यादा अशी की, दप्तरातील नोंद ही बहुधा जमिनीचा कायदेशीर दर्जा दाखविते. दप्तरात ‘वन’ म्हणून नोंद असलेल्या जागी प्रत्यक्षात झाडे असतीलच, असे नाही.

या दुसऱ्या गोष्टीचा प्रत्यय देशाला १९८४ मध्ये आला. देशाच्या सुमारे २३ टक्के भूमीची नोंद वन म्हणून असताना, हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेने उपग्रहचित्रांवरून केलेल्या पाहणीत प्रत्यक्ष वनाच्छादन १९७२-७५ या काळात १६.८९ टक्के आणि १९८०-८२ या काळात १४.१० टक्के असल्याचे आढळले. पुढे भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या १९८७ च्या पहिल्या अहवालात हे प्रमाण साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास दाखविण्यात आले. दोन्ही पाहण्यांचा आधार उपग्रहचित्रे हाच होता. तरीही उत्तरे निराळी आली. कोणत्या विरळ झाडोऱ्याला वन म्हणावयाचे आणि चित्राचा अर्थ कसा लावावयाचा, यावर उत्तर किती अवलंबून असते, हे त्यावरून स्पष्ट झाले. उपग्रह चित्र देतो. वर्ग ठरविण्याचे काम माणसाचे आहे, ही गोष्ट या संपूर्ण शास्त्रात ध्यानी ठेवावी लागते.

भारतातील वाटचाल

भारतात सुदूर संवेदनाचा प्रारंभ नारळाच्या झाडांपासून झाला. केरळातील नारळबागांना मूळकुजीने ग्रासले असता, १९७० मध्ये प्रा. पी. आर. पिशारोटी यांच्या मार्गदर्शनाखाली हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर छायाचित्रे घेण्यात आली आणि रोगट झाडे निरोगी झाडांपासून वेगळी ओळखता येतात, असे दिसून आले. दोनच वर्षांनी, २३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने भूसंपत्तीच्या पाहणीसाठी आपला पहिला उपग्रह सोडला. तो पुढे लँडसॅट-१ या नावाने ओळखला जाऊ लागला. १९७४ मध्ये राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेची स्थापना झाली. भास्कर-१ आणि भास्कर-२ हे प्रायोगिक उपग्रह अनुक्रमे १९७९ व १९८१ मध्ये अवकाशात गेले आणि १७ मार्च १९८८ रोजी आय.आर.एस.-१ए हा भारताचा पहिला कार्यकारी दूरसंवेदी उपग्रह प्रक्षेपित झाला. त्याच वर्षी नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन करण्यात आले.

देशाच्या निरनिराळ्या कृषिहवामान विभागांचे नियोजन करण्यासाठी १९८८-८९ च्या चित्रांवरून संपूर्ण देशाचा भूमिउपयोगाचा नकाशा १:२,५०,००० या प्रमाणावर तयार झाला. पुढे रिसोर्ससॅट मालिकेतील उपग्रहांच्या चित्रांवरून २००५-०६, २०११-१२ आणि २०१५-१६ या वर्षांसाठी १:५०,००० या अधिक बारीक प्रमाणावर नकाशे करण्यात आले. या प्रमाणावर कागदावरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील अर्धा किलोमीटर होय.

प्रकाशाची लिपी

उपग्रहावरील संवेदक हा कॅमेऱ्यासारखा असला तरी त्याचे कार्य काहीसे निराळे आहे. सूर्याचा प्रकाश जमिनीवर पडतो. त्यातील काही भाग शोषला जातो आणि काही परावर्तित होतो. संवेदक या परावर्तित प्रकाशाची हिरव्या, तांबड्या व अवरक्त अशा निरनिराळ्या पट्ट्यांत स्वतंत्र मोजणी करतो. अवरक्त किरण मानवी डोळ्यास दिसत नाहीत; परंतु जमिनीची ओळख पटविण्यास तेच अधिक उपयोगी पडतात.

निरोगी हिरवे पान तांबडा प्रकाश अन्न तयार करण्यासाठी शोषून घेते आणि निकट अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत फेकते. स्वच्छ पाणी जवळजवळ सर्व अवरक्त किरण गिळून टाकते. उघड्या जमिनीचे परावर्तन तांबड्याकडून अवरक्ताकडे हळूहळू वाढत जाते. ओली काळी जमीन कमी प्रकाश परत देते, तर क्षार फुटलेली जमीन फार अधिक. प्रत्येक पदार्थाची ही जणू स्वतंत्र सही असते. या मोजणीवरून चित्र रंगविताना अवरक्त पट्ट्याला तांबडा रंग देण्याचा प्रघात आहे. त्यामुळे या चित्रांत उसाचे फड गडद तांबडे, जलाशय काळे किंवा गडद निळे, शहरे निळसर करडी आणि खारपट जमिनी पांढुरक्या दिसतात. हे रंग मुद्दाम दिलेले असल्याने अशा चित्रास ‘आभासी रंगचित्र’ म्हणतात.

हिरवाईची मोजणी करण्याची एक सोपी रीतही आहे. अवरक्त परावर्तनातून तांबडे परावर्तन वजा करावयाचे आणि आलेल्या संख्येस त्या दोहोंच्या बेरजेने भागावयाचे. समजा, भरदार पिकाचे अवरक्त परावर्तन ५० टक्के व तांबडे ५ टक्के आहे. तर निर्देशांक सुमारे ०.८२ येतो. नांगरलेल्या जमिनीसाठी हेच आकडे ३० व २५ धरले तर निर्देशांक ०.०९ इतकाच भरतो. या एका आकड्यावरून पिकाची वाढ आणि अवर्षणाचा ताण यांचा अंदाज बांधता येतो.

चित्र किती बारीक आहे हे त्यातील सर्वांत लहान चौकटीवर अवलंबून असते. लँडसॅट-१ च्या चित्रातील एक चौकट सुमारे ८० मीटरची, म्हणजे दीड एकराहून थोडी मोठी होती. रिसोर्ससॅटच्या लिस-३ संवेदकाची चौकट २३.५ मीटरची, म्हणजे साधारण साडेपाच गुंठ्यांची, तर लिस-४ ची ५.८ मीटरची, म्हणजे गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी आहे. बारीक चित्राचा पट्टा मात्र अरुंद असतो. लिस-३ चा पट्टा १४१ किलोमीटर रुंद असून तोच भूभाग पुन्हा टिपण्यास २४ दिवस लागतात. याउलट ५६ मीटरच्या चौकटीचा ॲविफ्स हा संवेदक ७४० किलोमीटरचा पट्टा घेतो आणि पाचच दिवसांनी पुन्हा त्या जागी येतो. म्हणून बारकाईच्या कामास एक आणि वारंवार पाहणी करण्यास दुसरा, अशी योजना करतात.

आच्छादन व उपयोग

या विषयात ‘भूआच्छादन’ आणि ‘भूमिउपयोग’ असे दोन शब्द नेहमी जोडीने येतात. परंतु त्यांचा अर्थ एक नाही. जमिनीवर जे प्रत्यक्ष पसरलेले आहे, म्हणजे पाणी, गवत, झाडे, खडक, बांधकाम, ते आच्छादन होय. माणूस त्या जमिनीचे जे काम करून घेतो तो उपयोग. उपग्रहास दिसते ते आच्छादन. उपयोग हा त्यावरून अनुमानाने ठरवावा लागतो.

उजनी जलाशयाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पावसाळ्याच्या अखेरीस घेतलेल्या चित्रात जलाशयाचा विस्तार पूर्ण दिसतो. उन्हाळ्यात पाणी ओसरते आणि उघड्या पडलेल्या काठाच्या जमिनीवर गाळपेराची पिके उभी राहतात. एकच जागा ऑक्टोबरात पाणी आणि मार्च-एप्रिलमध्ये शेत असते. केवळ एका चित्रावरून तिचा वर्ग ठरविला तर तो अपुराच ठरणार.

याच कारणासाठी भूमिउपयोगाचा नकाशा तयार करताना खरीप, रब्बी आणि उन्हाळी अशा तिन्ही हंगामांची चित्रे पाहावी लागतात. सोलापूर जिल्ह्यातील रब्बी ज्वारीची जमीन पावसाळ्याच्या पहिल्या भागात मोकळी असते आणि हिवाळ्यात हिरवी होते. भाताची खाचरे खरिपात भरलेली आणि उन्हाळ्यात रिकामी असतात. ऊस बारा ते अठरा महिने शेतात राहत असल्यामुळे तो तिन्ही चित्रांत आढळतो. तीन चित्रे शेजारी ठेवली म्हणजे एकपिकी, दुपिकी आणि पड जमीन यांचा उलगडा होतो.

खरिपाच्या चित्रांची मोठी अडचण म्हणजे ढग. जुलै-ऑगस्टमध्ये कोकण व घाटमाथ्यावरील निरभ्र चित्र मिळणे दुर्मीळच. रडार लहरी ढगांतून आरपार जात असल्याने येथे रडार उपग्रहांचा उपयोग होतो. २०१२ मधील रिसॅट-१, २०२२ मधील ई.ओ.एस.-०४ आणि ३० जुलै २०२५ रोजी भारत व अमेरिका यांनी संयुक्तपणे सोडलेला निसार हे असे उपग्रह होत. लावणीच्या वेळी पाण्याने भरलेले खाचर रडारच्या चित्रात काळे दिसते आणि रोप वाढू लागताच उजळते. भंडारा-गोंदिया किंवा कोकणातील भातक्षेत्र ओळखण्यास ही खूण उपयुक्त आहे.

वर्गीकरण कसे होते?

प्रथम वर्गांची यादी निश्चित करावी लागते. बांधकामाखालील जमीन, शेतजमीन, वने, पडीक जमीन, जलाशय व पाणथळ असे ढोबळ वर्ग पहिल्या पातळीवर असतात. दुसऱ्या पातळीवर त्यांचे पोटविभाग पडतात. शेतजमिनीचे खरीप, रब्बी, दुपिकी, पड व फळबागा. वनांचे सदाहरित, पानझडी, झुडपी व खारफुटी. असे भेद केले जातात.

त्यानंतर तज्ज्ञ चित्राचे वाचन करतो. रंगाची छटा, पोत, आकार, मांडणी आणि सभोवतालची परिस्थिती यांवरून तो अर्थ लावतो. सरळ रांगांचा पोत दिसला तर बाग, ओढ्याच्या कडेची नागमोडी तांबडी रेघ दिसली तर काठची झाडी, असा हा तर्क असतो. संगणकाच्या साहाय्याने काम करावयाचे असल्यास प्रत्येक वर्गाचे ज्ञात नमुने संगणकास दाखवावे लागतात. त्यांच्या आधारे तो उरलेल्या लक्षावधी चौकटींची प्रतवारी लावतो. अलीकडे यंत्रशिक्षणाच्या पद्धतींमुळे हे काम पुष्कळ वेगाने होऊ लागले आहे. तथापि नमुनाच चुकीचा दिला असेल तर संगणक तीच चूक सर्वत्र इमानाने उतरवितो.

म्हणूनच प्रत्यक्ष पाहणीला पर्याय नाही. निवडलेल्या ठिकाणी जाऊन नकाशावरील वर्ग आणि जमिनीवरील वस्तुस्थिती यांचा मेळ घेतला जातो. शंभर ठिकाणांपैकी पंच्याऐंशी ठिकाणी मेळ बसला तर अचूकता ८५ टक्के मानतात. अमेरिकेत १९७६ मध्ये जेम्स अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेल्या वर्गीकरण पद्धतीत किमान एवढ्या अचूकतेची अपेक्षा ठेवली होती आणि तो दंडक पुढे अनेक ठिकाणी प्रमाण मानला गेला. परंतु उरलेल्या पंधरा चुका कोठे आहेत, हेही पाहावे लागते. त्या सर्वच्या सर्व एखाद्या लहान वर्गात असतील, तर एकूण अचूकता चांगली असूनही त्या वर्गापुरता नकाशा निरुपयोगी ठरतो.

महाराष्ट्राच्या भूमीत अशा फसव्या जागा पुष्कळ आहेत. विदर्भातील सागाची वने उन्हाळ्यात पर्णहीन होतात. एप्रिलच्या चित्रावर विसंबल्यास जंगल उजाड वाटेल. म्हणून वनांच्या पाहणीसाठी पावसाळा संपल्यानंतरची, पाने झाडावर असतानाची चित्रे घेतात. उलट ऑक्टोबरमध्ये माळावरील हिरवे गवत पिकाचा भास निर्माण करते. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येप्रमाणे एक हेक्टर वा त्याहून मोठ्या जागेवर झाडांच्या माथ्यांचे छत्र दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर मालकी कोणाचीही असो, ते वनाच्छादन होय. साहजिकच कोकणातील आंबा-काजूच्या बागाही त्यात येऊ शकतात. २०२१ च्या अहवालानुसार महाराष्ट्राचे वनाच्छादन भौगोलिक क्षेत्राच्या १६.५१ टक्के होते. हा आकडा वाचताना ती व्याख्याही लक्षात घेणे अगत्याचे आहे.

‘पडीक’ म्हणजे कोणासाठी पडीक?

वर्गीकरणातील सर्वांत नाजूक प्रश्न पडीक जमिनीचा आहे. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाल्यानंतर अशा जमिनींचे देशव्यापी नकाशे हाती घेण्यात आले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नकाशासंग्रहात पडीक जमीन ६ कोटी ३८ लक्ष हेक्टर दाखविली होती. २०१९ च्या संग्रहात २०१५-१६ सालासाठी ती ५ कोटी ५७ लक्ष हेक्टर, म्हणजे देशाच्या भूमीच्या १६.९६ टक्के होती. घळी पडलेली, क्षारयुक्त, पाणथळ झालेली, खडकाळ, झुडपी अशा अनेक प्रकारच्या जमिनी या एका शब्दाखाली येतात.

यांपैकी घळी पडलेल्या वा क्षार फुटलेल्या जमिनी सुधारणे निःसंशय हिताचे आहे. कालव्याच्या लाभक्षेत्रात पांढरे डाग कोठे व किती वेगाने पसरत आहेत हे उपग्रहचित्रांवरून वेळीच कळले, तर निचऱ्याची योजना करता येते. परंतु पर्जन्यछायेच्या प्रदेशातील गवताळ माळांचे तसे नाही. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील उथळ मुरमाड माळांवर झाडे मुळातच विरळ असतात. झाडे नाहीत म्हणून ते वन नव्हे आणि पीक नाही म्हणून ते शेत नव्हे. अशा वेळी नकाशात ते ‘झुडपी पडीक’ या रकान्यात जाऊन बसण्याचा संभव असतो. वास्तविक कुसळी, पवन्या, मारवेल यांसारख्या गवतांवर धनगरांची मेंढरे आणि गावची गुरे पोसली जातात. काळवीट व लांडगा यांचे ते घर आहे. माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील नान्नज परिसरात १९७९ मध्ये अभयारण्य घोषित करण्यात आले, ते अशाच माळांवर.

नकाशावर एकदा ‘पडीक’ अशी नोंद झाली की ती जमीन मोकळी आहे, कोणाच्याही उपयोगाची नाही, असा समज होतो आणि वृक्षलागवड, कारखाना वा अन्य प्रकल्पासाठी प्रथम तिच्याकडेच बोट दाखविले जाते. उपग्रहाने येथे खोटे काही सांगितलेले नसते. त्याने गवत, मुरूम आणि विरळ झुडपे एवढेच टिपलेले असते. वर्षातील काही महिने त्या माळावरून जाणारी मेंढरांची वाट त्याच्या चौकटीत उमटत नाही. ती गावाला ठाऊक असते. म्हणून गवताळ प्रदेशाला वर्गीकरणात स्वतंत्र स्थान देणे आणि पडीक ठरविण्यापूर्वी गायरान व चराईच्या नोंदी ताडून पाहणे आवश्यक आहे.

नकाशा व दप्तर यांची सांगड

आकाशातील पाहणी आणि गावातील नोंद या परस्परपूरक आहेत. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात डडली स्टॅम्प या भूगोलशास्त्रज्ञाने देशाच्या भूमिउपयोगाची पाहणी केली, तेव्हा शाळाशाळांतील विद्यार्थी व शिक्षक हातात नकाशे घेऊन शेतोशेत फिरले होते. उपग्रह नसतानाही ते काम झाले, कारण त्या जागा जवळून पाहणारी माणसे त्यात सहभागी होती. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या पिकाची नोंद भ्रमणध्वनीवरून छायाचित्रासह स्वतः करू शकतो. अशा नोंदी स्थानासह उपलब्ध होणे म्हणजे उपग्रहचित्रांच्या पडताळणीसाठी शेताच्या बांधावरील साक्षच होय.

भूमिउपयोगाच्या नकाशाचा लाभ धोरण आखणाऱ्यांना जसा होतो तसाच तो ग्रामपंचायतीलाही होऊ शकतो. आपल्या शिवाराचा नकाशा ग्रामसभेत मांडला गेला, त्यावरील रंग गावकऱ्यांनी ओळखले आणि ‘हा माळ पडीक नाही, येथे आमची गुरे चरतात’ किंवा ‘या ओहोळाकाठची जमीन दरवर्षी खचते’ असे त्यांनी सांगितले, तर नकाशा अधिक अचूक होईल आणि त्यावर बेतलेली योजना गावाला आपली वाटेल. जमिनीचे क्षेत्र वाढविणे कोणाच्याही हाती नाही. आहे त्या जमिनीचा ताळेबंद खरा ठेवणे मात्र शासन, शास्त्रज्ञ आणि ग्रामस्थ या तिघांच्या हाती आहे.